झाकणाची परीक्षा गरम चहाने घ्या

थंड पाणी भरायचे, झाकण आवळायचे, बाटली कागदावर उलटी ठेवायची आणि कागद कोरडा राहिला की माल पास. इन्सुलेटेड बाटल्या आणि मग बनवणाऱ्या आपल्याकडच्या अनेक कारखान्यांत गळतीची तपासणी इथेच संपते. या तपासणीतून झाकणाबद्दल फारसे काही कळत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. थंड पाण्याचा झाकणावर जवळजवळ काहीच दाब येत नाही. ग्राहक मात्र तीत चहा भरणार, ती दुचाकीच्या डिकीत आडवी टाकणार आणि खड्ड्यांतून नेणार.

हिशेब करून पाहा. बाटलीत ९० अंश सेल्सिअसचा चहा आहे, वरच्या मोकळ्या जागेत २५ अंशांची हवा आहे आणि झाकण लगेच लावले आहे. बाटली हलली की ती हवा तापते आणि वाफेने भरून जाते. ९० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे ७० किलोपास्कल असतो. हवा तापल्याने वाढलेला दाब त्यात मिळवला, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा जवळपास ९० किलोपास्कलने जास्त होऊ शकतो. तोंडाचा व्यास ४५ मिलिमीटर धरला तर झाकणाला आतून चौदा किलो वजनाइतका रेटा बसतो.

आता उलट बाजू. चहा ओतल्यावर वाफेने हवा बाहेर लोटली आणि मग झाकण लावले. तो चहा ४० अंशांपर्यंत निवला की आतला दाब वातावरणाच्या एक तृतीयांशापर्यंत उतरू शकतो. तेच झाकण आता दहा किलोच्या जोराने आत ओढले जाते. ग्राहक म्हणतो, झाकण जाम झाले. तो चमच्याच्या दांड्याने ते उचकटतो, वायसरची कड चिरते आणि त्यानंतर बाटली गळू लागते. तक्रार गळतीची येते, पण तिचे मूळ दाबाला वाट न ठेवण्यात असते. झाकण पहिला पाव फेरा फिरले की वायसर सुटावा, आतबाहेरचा दाब सारखा व्हावा आणि तोवर आटे एकमेकांत पुरते अडकलेले राहावेत. सोड्याच्या बाटलीच्या आट्यांमध्ये उभ्या खाचा ठेवतात त्या याचसाठी.

आटे हा दुय्यम तपशील मानणाऱ्यांनी डिसेंबर २०२४ मधली अमेरिकेतली घटना लक्षात ठेवावी. स्टॅन्ली या नामांकित ब्रँडचे ‘स्विचबॅक’ आणि ‘ट्रिगर अ‍ॅक्शन’ हे प्रवासी मग परत मागवले गेले. एकट्या अमेरिकेत त्यांची संख्या सुमारे २६ लाख होती. उष्णता आणि पीळ बसून झाकणाचे आटे आकसत होते आणि वापरताना झाकण सुटून येत होते. जगभरात भाजल्याच्या ३८ घटना नोंदल्या गेल्या. हे मग २०१६ पासून बाजारात होते. नव्या झाकणावर न दिसणारा दोष वापरलेल्या झाकणावर दिसला.

पॉलिप्रोपिलीनवर काम करणाऱ्यांना यात नवल वाटू नये. साच्यातून निघाल्यावर ते एक ते अडीच टक्के आकसते आणि जाड-पातळ भागांत सारखे आकसत नाही. ९० अंशांना त्याचा ताठपणा खोलीच्या तापमानापेक्षा निम्म्याहून बराच कमी होतो. सतत ताणाखाली ठेवले तर ते हळूहळू सरकतही राहते. म्हणून झाकणाचे आटे साच्यातून काढल्याबरोबर गेजने मोजून भागत नाही. ते गरम-थंड फेऱ्यांनंतर पुन्हा मोजावे लागतात. आणि भोसरी-चाकणच्या टूलरूममधल्या मित्रांना एक आग्रहाची विनंती: वायसर जिथे टेकतो त्या पृष्ठभागावरून पार्टिंग लाइन नेऊ नका. केसाएवढा फ्लॅशही तिथे गळतीची वाट तयार करतो.

इन्सुलेशनकडे वळू. भिंतींचा प्रश्न जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये दोन भिंतींमधली हवा काढून सोडवला. तोंड मात्र निर्वात करता येत नाही, त्यामुळे उरलेली बरीचशी उष्णता तिथूनच जाते. अर्धा लीटर चहातून एक वॅट उष्णता बाहेर पडत राहिली तरी तासाला सुमारे १.७ अंश उतरतात, आणि एकेरी प्लास्टिकचे झाकण साधारण तेवढी उष्णता सहज घालवते. त्यात दोन सेंटिमीटर पफ भरला तर हा आकडा बराच खाली येतो. आपले लोक इथेच थांबतात. वायसर कुठे बसतो, हे कोणी विचारत नाही. तो तोंडाच्या वरच्या कडेला बसवला तर वाफ पूर्ण गळ्यातून वर येते, थंड कडेवर तिचे पाणी होते आणि ते होताना ती किलोमागे सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता स्टीलला देऊन टाकते. तो गळ्याच्या तळाशी, बुचाच्या खालच्या टोकाला बसवला तर वाफ खालीच अडते आणि वरची अडकलेली हवा स्वतःच इन्सुलेशनचे काम करते. म्हणजे गळती आणि उष्णता ही दोन वेगळ्या टेबलांवरची कामे राहत नाहीत.

या खोल बुचाची एक अडचण आहे, आणि ती आपल्या चहाची आहे. बहुतेक परदेशी झाकणे काळी कॉफी किंवा पाणी डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असतात. दूध-साखरेचा चहा वायसरच्या खाचेत वाळतो, आंबतो, आणि सिलिकॉन वास धरून ठेवते. तो थर वायसरला नीट बसूही देत नाही. खाच रुंद, तिचे कोपरे गोल, आणि वायसर बोटाने काढता येईल असा हवा. तो उलटा बसवणे शक्यच नसेल तर आणखी चांगले.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून इन्सुलेटेड फ्लास्क आणि बाटल्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक केले, ते योग्यच झाले. पण स्वतःच्या कारखान्यातली तपासणी त्याच्याही पुढे जायला हवी. दुधाचा गरम चहा भरून बाटली हलवा, आडवी ठेवा, निवू द्या, उघडायला किती जोर लागतो ते मोजा, धुवा आणि पुन्हा भरा. शंभर वेळा हे झाल्यावर कागदावर उलटी ठेवा. आणि वायसर सुटा विकायला ठेवा, त्याचा क्रमांक झाकणाच्या आतल्या बाजूला कोरा. आज चाळीसेक रुपयांच्या रबरी कड्यासाठी चांगली स्टीलची बाटली भंगारात जाते.