भिंतीत गाडलेली तार

टेलिफोनची तार गिलाव्याखाली गाडणाऱ्या डेकोरेटर मंडळींशी माझं जुनं भांडण आहे. "वायर दिसता कामा नये" हे त्यांचं ब्रीद. का दिसू नये? तार म्हणजे काय लेंग्याची नाडी आहे?

१९८८ साली आम्हीही या सौंदर्याला बळी पडलो. फोन बाहेरच्या खोलीत, एक एक्स्टेन्शन आत आणि मधली तार भिंतीत गडप. आल्यागेल्याला मी ती गुळगुळीत भिंत हात फिरवून दाखवत असे. पावसाळ्यात फोन बंद पडला. लाइनमन आला, दाराबाहेरच्या डबीला त्याने आपला फोन लावला, कान दिला आणि म्हणाला, "साहेब, लाइन इथपर्यंत जिवंत आहे. पुढं तुमचं घर."

पुढचा मृतदेह शोधायला निम्मी भिंत फोडावी लागली. डेकोरेटरच्या माणसाने तारेला नुसता पीळ मारून तो जोड कपाटामागे लिंपून टाकला होता.

यात अकरा दिवस गेले, आणि सोलापूरहून आक्का रोज फोन लावत होती. आता गंमत ऐका. तार तुटली तरी फोन करणाऱ्याला घंटी ऐकू येतेच! तो आवाज आपल्या घरातला नसतो, एक्स्चेंजमधून येतो. दोन तारा एकमेकींना चिकटल्या असत्या तर तिला एंगेज मिळाला असता आणि "मेला सारखा बोलत असतो" एवढ्यावर भागलं असतं. पण तिच्या कानात खणखणीत घंटी, आमच्याकडे सामसूम. आईच्या पाटल्यांवरून आधीच थोडं बिनसलेलं. आक्काने ठरवलं, मुद्दाम उचलत नाहीत. दोन वर्षं भाऊबीज झाली नाही.

बरं, समजायला अवघड ते काय होतं? तारा दोन. एक्स्चेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट त्यांतून यायचे, म्हणून तर घरातली वीज गेली तरी फोन चालायचा. घंटी वाजताना मात्र ७५च्या वर जातात. तेव्हा उघड्या तारेला बोट लावू नये, हे ज्ञान मी स्टुलावर उभा राहून मिळवलं आहे. सगळी एक्स्टेन्शनं काढावीत, एकेक परत जोडावं, दोष शाळकरी पोरालाही सापडतो. पण "आपल्याला बुवा त्यातलं काही कळत नाही" हे आम्ही सुशिक्षित लोक पदवी मिळाल्यासारखं सांगतो, आणि डेकोरेटर त्यावरच जगतो.

आता तांब्याच्या जागी काचेची तार येते. तिच्यातून उजेड येतो, वीज नाही. घरातले दिवे गेले की भिंतीवरची डबी बंद आणि फोनही बंद. हे पठ्ठे तीही लपवतात, कोपऱ्यात काटकोनात मोडून. अरे, काच आहे ती!

माझ्या घरात तार भिंतीवरून, पांढऱ्या क्लिपा ठोकून, राजरोस जाते. हिला ती बघवत नाही. आक्का आली की मात्र चहापाण्याच्या आधी फोनपासून दारापर्यंत तार नजरेने तपासते, आणि मगच खुर्चीत टेकते.