जाब आमिष घडविणाऱ्याला विचारावा

मुलाच्या हातातून मोबाईल सुटत नाही अशी तक्रार करणाऱ्या पालकांना आणि ती तक्रार ऐकून खाली मान घालणाऱ्या मुलांना आपण आजवर एकच उपदेश करीत आलो आहोत, की मन आवरावे व निग्रह वाढवावा. आणि मनोनिग्रहाचे संस्कार ज्या समाजात पिढ्यान्पिढ्या झाले, त्या समाजाला हा उपदेश स्वाभाविक वाटावा यात नवल नाही. परंतु या उपदेशात दुर्बलाच्या पदरी सगळा दोष टाकणारा एक अन्याय आहे, हे मला स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

डच प्राणिशास्त्रज्ञ निको टिनबर्गेन, ज्यांना पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला, त्यांनी कुरव या समुद्रपक्ष्याच्या पिलांवर केलेले प्रयोग या संदर्भात फार बोलके आहेत. कुरवाच्या पिवळ्या चोचीवर खालच्या बाजूस एक तांबडा ठिपका असतो. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिलू त्यावर टोच मारते, आणि टोच बसताच आई गिळलेले अन्न बाहेर काढून त्याला भरविते. टिनबर्गेन यांनी पिलांपुढे पक्ष्याच्या डोक्याच्या प्रतिकृती धरून पाहिल्या आणि नंतर टोकाशी पांढरे पट्टे ओढलेली एक बारीक तांबडी काडी धरली. त्या काडीत ना आईचे रूप होते ना अन्नाचा कण, तरीही पिलांनी हुबेहूब डोक्याहून तिच्यावरच अधिक टोचा मारल्या. पिलाची उपजत प्रेरणा तीळमात्र बिघडलेली नव्हती. ज्या खुणेवर विसंबून त्याचे पूर्वज जगले, तीच खूण कोणी तरी अतिरंजित करून त्याच्यापुढे धरली होती, एवढेच.

गोड, खारट आणि स्निग्ध पदार्थांची ओढ मनुष्याला याच रीतीने मिळालेली आहे, आणि वेफर्सचे पाकीट अर्ध्यावर का ठेववत नाही याचे उत्तर तेथेच सापडते. परंतु भुकेला निदान पोटाची मर्यादा असते. नव्या बातमीच्या आणि चार लोकांनी आपली दखल घ्यावी या इच्छेच्या भुकेला तीही नाही. अंगठ्याने पडदा खाली ओढावा, एक लहानसे वर्तुळ क्षणभर फिरावे, आणि मग कधी काहीच नवे नसावे तर कधी एकदम मन सुखावणारे काही तरी पुढे यावे, या क्रमातील अनिश्चितता हेच त्याचे बळ आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतील कबुतरेही दाणा अनियमितपणे मिळू लागला म्हणजे चोच मारण्याचे थांबत नसत, आणि दाणा अजिबात बंद झाल्यावरही दीर्घकाळ मारीत राहत. पूर्वी संगणकावरील पान संपत असे व पुढच्या पानासाठी कळ दाबावी लागे, तेवढ्या विरामात उठून जाण्याचा विचार मनात येण्यास अवकाश होता. न संपणाऱ्या पानाची युक्ती २००६ साली काढणाऱ्या अझा रास्किन यांनी पुढे तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. तो विराम मात्र परत आला नाही. अशा यंत्रणेपुढे बारा वर्षांच्या मुलाला एकट्याने उभे करून निग्रहाची अपेक्षा धरणे मला निर्दयपणाचे वाटते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने हे मर्म ओळखले. टाळेबंदीत शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हाती आलेले मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेनात, तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये महिलांच्या ग्रामसभेत हा विषय निघाला आणि रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला, की साडेआठपर्यंत दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवावयाचे, असे ठरले. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि सेवानिवृत्त शिक्षक घरोघर समजूत घालीत फिरले. येथे एकाही मुलाला कमकुवत ठरविले गेले नाही. सगळ्यांचेच मोबाईल एकाच वेळी बाजूला झाले, त्यामुळे आपण काही गमावतो आहोत ही रुखरुख कोणालाच राहिली नाही.

तथापि आमिष जेथे घडते त्या कचेरीपर्यंत ग्रामपंचायतीचा हुकूम पोहोचत नाही. तो अंमल सरकारचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा शिक्षेची तरतूद खेळणाऱ्यासाठी केली नाही; ती खेळ चालविणाऱ्यासाठी आणि त्याची जाहिरात करणाऱ्यासाठी केली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केलेली आहे. म्हणजे तत्त्व मान्य झालेलेच आहे. ते रचनेलाही लागू करावयाचे तेवढे राहिले आहे. अल्पवयीनांच्या खात्यावर एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होऊ नये, पान कोठे तरी संपावे, रात्री सूचनांचा नाद बंद असावा, आणि या गोष्टी बदलावयाच्या असल्यास ती मुभा कंपनीला नसून पालकांना असावी, एवढी तजवीज नियमांत करण्यास कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहण्याचे कारण नाही.