ट्रेनरविना पहिले तीन महिने

जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस दोन भागांत आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमछाक होईल असा व्यायाम करावा, आणि त्याखेरीज आठवड्यातून दोन दिवस तरी मोठ्या स्नायूंना ताकद लावावी लागेल असं काही करावं. पहिला भाग निदान सकाळच्या चालण्याने थोडाफार पुरा होतो. दुसरा आपल्याकडे बहुतेकांच्या गावीही नसतो. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नव्हती. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के होतं, पुरुषांत ४२. अशा देशात चाळिशीकडे झुकलेलं कुणी जिममध्ये नाव घालायचं मनावर घेत असेल, तर त्याच्या वाटेत शक्य तितके कमी अडथळे असावेत असं मला वाटतं. त्यातला एक मोठा अडथळा पैशाचा आहे. सभासदत्वाचा महिन्याला पडणारा खर्च आणि 'पीटी'ची, म्हणजे खासगी ट्रेनरची, महिन्याची फी यांत कित्येक पटींचं अंतर असतं. वर 'ट्रेनर नसेल तर दुखापत होईल' ही भीती घातली की अनेकजण दोन्ही गोष्टी सोडून देतात. तेव्हा नवख्याने ट्रेनर न लावता सुरुवात करावी का, याचा विचार नीट व्हायला हवा.

ट्रेनर हवाच म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. तालमीत वस्तादाशिवाय कुणी मातीत उतरत नाही. कोल्हापूरच्या गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत आलेल्या पोराचे जोर, बैठका, खुराक, झोप या सगळ्यांवर कुणाची तरी नजर असते, आणि ती परंपरा उगाच टिकलेली नाही. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. डेडलिफ्टला बार उचलताना कंबरेचा बाक निघाला, स्क्वॉटला बसताना गुडघे आत वळले, खांदे कानापर्यंत चढले, तर हे समोरच्या आरशात अर्धंच दिसतं आणि करणाऱ्याला तर सगळं बरोबरच चाललंय असं वाटत असतं. बाजूला उभा असलेला जाणता माणूस एका वाक्यात ते दुरुस्त करतो. शिवाय पैसे भरलेत, कुणीतरी वाट पाहतंय, एवढ्यावरच पावसाळ्यातल्या सकाळी अंथरुणातून उठणारी माणसं असतात. त्यांच्यासाठी ट्रेनर हा मुख्यतः हजेरीचा आधार आहे, आणि त्या आधाराला मी कमी लेखणार नाही.

पण वस्ताद आणि पीटीचा ट्रेनर यांना एकाच मापाने मोजता येत नाही. तालमीतला पोरगा वर्षानुवर्षं तिथेच राहतो, वस्तादाइतकंच आधीच्या पठ्ठ्यांकडे बघून शिकतो. जिममधल्या ट्रेनरला एका पाळीत एकामागून एक माणसं घ्यायची असतात. डॉक्टरला किंवा वकिलाला नोंदणी सक्तीची आहे, तशी आपल्याकडे जिम ट्रेनरला नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आहेत, उत्तम शिकलेले आणि मनापासून शिकवणारे ट्रेनरही आहेत. मात्र समोरचा माणूस त्यांपैकी आहे की स्वतःचं शरीर कमावलंय म्हणून दुसऱ्याला शिकवू लागलाय, हे नवख्याला ओळखता येत नाही. काही ठिकाणी व्यायामाबरोबर प्रोटीनचे डबे गळ्यात मारले जातात. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे मेफेंटरमाइन सल्फेट. रक्तदाब फार उतरला तर तो वाढवण्यासाठी डॉक्टरांनी वापरायचं हे इंजेक्शन जिमला जाणाऱ्या तरुणांना विकलं जात असल्याची प्रकरणं पुण्यासह राज्यातल्या काही शहरांत पोलिसांनी उघडकीला आणली आहेत. याचा दोष सगळ्या ट्रेनरांवर टाकणं अन्याय होईल. पण जिममध्ये ज्याच्या त्याच्या सल्ल्यावर विसंबणं सुरक्षित आहे, हा समज यानंतर तरी टिकू नये.

एकट्याने शिकण्याचीही आपल्याकडे जुनी परंपरा आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी पुढे सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक झाले. त्याआधी, १८९७ च्या सुमारास, त्यांनी युरोपातला प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू युजीन सँडो याची साधनं आणि पुस्तकं मागवली आणि त्यांतल्या सूचनांप्रमाणे सुमारे दहा वर्षं नेमाने व्यायाम केला. सँडो साता समुद्रांपलीकडे होता. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी 'व्यायामज्ञानकोशा'चे खंड काढले, तेही ज्ञान तालमीच्या दाराबाहेर जावं म्हणूनच. छापील पानावरून व्यायाम शिकता येतो यावर या माणसांचा विश्वास होता. त्या विश्वासाला नेम आणि सबुरी यांची जोड होती, हेही खरं.

माझ्या मते सगळा निर्णय या सबुरीवर येऊन ठरतो. पहिल्या काही आठवड्यांत शरीरात काय घडतं ते पाहिलं की हे पटतं. नवखा माणूस दर आठवड्याला जास्त वजन उचलू लागतो. ही वाढ सुरुवातीला बहुतांशी मज्जासंस्थेची असते, हे मोरितानी आणि डीव्हरीस यांनी १९७९ मध्ये दाखवलं. असलेलेच स्नायू मेंदू अधिक चांगल्या रीतीने कामाला लावायला शिकतो. स्नायूंचा आकार नंतर वाढतो. स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा तर आणखी सावकाश बळकट होतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंगात उत्साह असतो, अंग आंबणं कमी झालेलं असतं, वजन सहज उचललं जातं, आणि नेमके तेव्हाच खांद्याचे आणि कोपराचे सांधे त्या वजनाला तयार नसतात. धोक्याचा काळ मला हा वाटतो. पहिल्या दिवशी माणूस घाबरून का होईना, जपून असतो.

ही घाई ट्रेनर असला तरी होते. कधी तर त्याच्यामुळेच होते, कारण पहिल्याच दिवशी घाम काढला, दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला नाही, की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. सवय नसताना एकदम अति व्यायाम केला तर स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतलं मायोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, दुखणं आणि सूज वाढतच गेली, तर घरी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावं. पहिल्याच स्पिनिंग क्लासनंतर असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि अशा क्लासमध्ये समोर प्रशिक्षक असतोच. साधं अंग आंबणं वेगळं. ते एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त जाणवतं आणि मग आपोआप ओसरतं.

म्हणून निरोगी माणसाने ट्रेनरविना सुरुवात करायला माझी हरकत नाही. फक्त कुठून करायची ते आधी ठरलेलं असावं. आठवड्याला दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. दर वेळी सगळं अंग. आज छाती, उद्या पाठ, परवा हात अशी वाटणी मुरलेल्यांसाठी ठीक आहे. नवख्याचा एक दिवस बुडाला की त्या भागाचा अख्खा आठवडा जातो. पायांसाठी लेग प्रेस, ढकलण्यासाठी चेस्ट प्रेस, ओढण्यासाठी लॅट पुलडाउन आणि सीटेड रो, हातात हलका डंबेल छातीशी धरून बसून उठणं, आणि शेवटी प्लँक. एवढ्यावर पहिले तीन महिने निघतात. मशीनला तुच्छ लेखणारे जिममध्ये पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नये. मशीनचा मार्ग ठरलेला असतो, पिन एक भोक वर सरकवली की वजन कमी होतं, आणि थकलेल्या हातातून ते अंगावर पडत नाही. एकट्या माणसाला हेच हवं असतं. सीटची उंची मात्र प्रत्येक वेळी आपल्यापुरती लावून घ्यावी. आधीच्या माणसाच्या उंचीवर बसून केलेला व्यायाम खांद्याला जाचतो.

वजन किती, हे आठ ते बारा वेळांच्या हिशेबाने कळतं. बारावा रेप झाल्यावर अजून दोन-तीन जमले असते असं वाटलं, तर वजन योग्य. श्वास कोंडून, चेहरा वाकडा करून उचलावं लागत असेल तर ते जास्त आहे, आणि श्वास कोंडला की रक्तदाबही क्षणात उसळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांचे पाय पुन्हा बळकट करणारे अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी एक पद्धत बसवली होती: जे वजन दहा वेळा उचलता येतं त्याच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊण वजनाने दुसरा, पूर्ण वजनाने तिसरा. वॉर्मअप त्यातच होतो. आज अनेक पद्धती निघाल्या आहेत, पण वहीत तारीख, वजन आणि रेप्स लिहून सावकाश चढत जाण्याची शिस्त याहून सोपी कुठे मिळेल असं वाटत नाही. ठरलेले रेप्स लागोपाठच्या दोन खेपांना सहज झाले की पुढच्या खेपेला किंचित वाढ. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने ही वाढ २ ते १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितली आहे. मोबाइलचा खरा उपयोगही इथे आहे. दहा लोकांचे परस्परविरोधी व्हिडिओ पाहण्यापेक्षा आपलाच एक सेट बाजूने चित्रित करून पाहावा.

आता जिथे एकट्याने जाऊ नये त्या जागा. छातीत दुखणं, चक्कर, हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह, सरकलेली चकती, नुकतंच झालेलं बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर आणि मग जाणता प्रशिक्षक, याला पर्याय नाही. पार-क्यू नावाची सात प्रश्नांची जुनी कॅनेडियन प्रश्नावली यासाठीच बनली. एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं की व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटायचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या ४६ व्या वर्षी गेले. त्यांना व्यायामानंतर अस्वस्थ वाटू लागलं होतं. तेव्हापासून जिमच नको म्हणणारी आईबापं मी पाहिली आहेत. त्यांची काळजी समजते. पण वर्षानुवर्षं कसलेलं शरीर असलेल्या त्या माणसाबाबत प्रश्न ट्रेनर असण्या-नसण्याचा नव्हता. हृदयात काय चाललंय हे ट्रेनरच्या डोळ्यांना दिसत नाही. व्यायाम करताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर सेट पुरा न करता तिथेच थांबायचं आणि आसपासच्या कुणाला तरी सांगायचं.

दुसरी जागा बेंच प्रेसची. बार छातीवर अडकला तर एकट्याला तो काढता येत नाही. शेजारच्याला 'भाऊ, जरा सपोर्ट दे' म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही. कुणीच नसेल तर त्या दिवशी डंबेल घ्यावेत.

स्त्रियांच्या बाबतीत तराजू थोडा वेगळा झुकतो. एकटी बाई वजनांच्या कोपऱ्यात गेली की न मागितलेले सल्ले आणि रोखलेल्या नजरा तिच्याकडे येतात. म्हणून कित्येकजणी ट्रेडमिलवरच थांबतात, आणि पन्नाशीनंतर हाडं ठिसूळ होण्याच्या वयात ज्यांना वजनाचा व्यायाम सर्वांत जास्त लागतो, त्याच त्यापासून लांब राहतात. बाई ट्रेनर मिळाल्यामुळे तिला तिथे निर्धास्त उभं राहता येत असेल, तर ती फी मला मुळीच अनाठायी वाटत नाही. फक्त ही किंमत त्या बाईला मोजावी लागणं, हे त्या जिमचं अपयश आहे.

जिमची जबाबदारी इथेच थांबत नाही. फ्लोअर ट्रेनरचा पगार सभासदांच्या वर्गणीतूनच निघतो. मशीन कसं लावायचं, पिन कुठे, सीट किती उंच, हे नव्या माणसाला पहिल्या तीन दिवसांत दाखवणं हे त्याचं काम आहे, आणि त्यासाठी पीटीचा आग्रह धरला जाऊ नये. पैसे भरण्याआधी हे विचारावं, आणि उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर दुसरी जिम पाहावी.

ट्रेनरवर जे पैसे घालायचे ते तीन महिन्यांनी घालावेत. तोवर येणं-जाणं अंगवळणी पडलेलं असतं, वही भरलेली असते, कुठला खांदा कुरकुरतो ते कळलेलं असतं. तेव्हा महिन्याचं पॅकेज न घेता चार-पाच तासांपुरता चांगला ट्रेनर गाठावा, रिकाम्या बारवर स्क्वॉट आणि डेडलिफ्ट शिकून घ्यावेत, आणि कंबर कुठे वाकते ते त्याच्याकडून नीट पाहून घ्यावं. वही दाखवल्यावर पहिला प्रश्न तो दुखण्याखुपण्याबद्दल विचारतो की प्रोटीनबद्दल, यावरून त्याची पारखही होऊन जाते.