पुढचा भाग कधी?

लोकलमध्ये शेजारच्याच्या मोबाइलमध्ये डोकावणं हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी इमानेइतबारे बजावते. नव्वद टक्के वेळा रील्स, नाहीतर सासूबाईंचा गुड मॉर्निंगवाला गुलाब. पण मधूनच एखादा स्क्रीन असा दिसतो, की त्यावर नुसती अक्षरं. मराठी अक्षरं! वर लिहिलेलं असतं ‘भाग ४७’ आणि बाई त्यात एवढी बुडालेली, की दादर गेलं तरी पत्ता नाही.

आणि आपण म्हणतो, मराठी कोण वाचतं यार!

हा सगळा फंडा आहे ऑनलाइन कथांच्या अड्ड्यांचा. म्हणजे काय, तर ॲप डाउनलोड करा, अकाउंट उघडा, वाचा. वाचून हात शिवशिवायला लागले, तर लिहा. ‘पब्लिश’ दाबलं की तुम्ही लेखक. ना संपादकाचे उंबरे झिजवायचे, ना ‘साभार परत’ची वाट बघायची. २००६ मध्ये कॅनडातल्या टोरंटोत ॲलन लाऊ आणि आयव्हन युएन या दोघांनी ‘वॉटपॅड’ सुरू केलं, तेव्हा फोनवर कादंबरी वाचायची कल्पनाच येडपट वाटायची. आपल्याकडे २०१४ मध्ये बंगळूरूत ‘प्रतिलिपी’ सुरू झालं आणि मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली अशा डझनभर भाषांतली मंडळी तिथे लिहायला लागली. बँकेतले, शाळेतले, आयटीतले आणि दुपारी ओटा आवरून बसलेल्या कितीतरी गृहिणीसुद्धा.

यातून स्टार निघतात का? निघतात ना. ॲना टॉड नावाच्या अमेरिकन मुलीनं २०१३ मध्ये ‘आफ्टर’ ही कादंबरी वॉटपॅडवर भागाभागानं टाकायला सुरुवात केली, तीही बरीचशी फोनवर टाइप करून. २०१४ मध्ये तिचं छापील पुस्तक आलं, २०१९ मध्ये सिनेमा. वेल्सच्या बेथ रीकल्सनं पंधराव्या वर्षी ‘द किसिंग बूथ’ लिहायला घेतलं आणि २०१८ मध्ये ते नेटफ्लिक्सवर झळकलं. मग पैसेवाल्यांचे कान टवकारले नसते तरच नवल. २०२१ मध्ये कोरियाच्या ‘नेव्हर’ कंपनीनं तब्बल ६० कोटी डॉलरच्या आसपास मोजून वॉटपॅड विकत घेतलं. त्याच वर्षी पब्जीवाल्या ‘क्राफ्टॉन’च्या पुढाकारानं प्रतिलिपीत ४.८ कोटी डॉलर आले. म्हणजे त्या बाईंच्या ‘भाग ४७’मध्ये कुणालातरी भविष्य दिसतंय, बॉस!

तसं बघायला गेलं तर यात नवीन काहीच नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात आपल्या कादंबऱ्या क्रमशः छापल्या. आपल्या खापरपणजोबांनीही ‘पुढे काय?’ म्हणत आठवडा काढला असणार. फरक एवढाच, की हरिभाऊंना भाग छापून झाल्यावर दहाव्या मिनिटाला कुणी स्टार देत नव्हतं. आणि ‘नायिकेचं लग्न लवकर लावा’ असा मेसेज मध्यरात्री येत नव्हता.

खरी गोची तिथेच आहे.

माझी एक मैत्रीण हिंजवडीत टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधते आणि रात्री अकरानंतर टोपणनावानं कथा लिहिते. घरी माहीत नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. तिची नायिका एक नर्स. आईला सांभाळणारी, पस्तिशीची, लग्न न करायचं ठरवलेली. पहिले दहा भाग जाम चालले. मग एक डॉक्टर आला (कथेत हो!) आणि वाचकांनी मनातल्या मनात मांडव घातला. रोज तेच, ‘दोघांना एकत्र आणा ना ताई’. एका संध्याकाळी तिनं मला फोन करून विचारलं, ‘लावून टाकू का गं लग्न? आकडे वाढतील.’

हा प्रश्न दिसतो तेवढा हलका नाही. या ॲप्सचं गणित साधं असतं. वाचक जितका वेळ थांबेल, तितकं ॲप खूश. म्हणून भागाच्या शेवटी दाराची बेल वाजते आणि दार उघडायच्या आत ‘क्रमशः’. पुढचा भाग हवा तर थांबा, नाहीतर पैसे भरा. जे खपतं तेच सगळ्यांना वर दिसतं आणि जे वर दिसतं तेच अजून लिहिलं जातं. त्यामुळेच तर जिकडेतिकडे अब्जाधीश बॉस आणि कॉन्ट्रॅक्ट मॅरेज! एवढे मराठी अब्जाधीश नेमके राहतात तरी कुठे, हे मला एकदा बघायचंय. मजा म्हणून वाचायला कुणाची ना नाही, मीही शनिवारी रात्री दोनपर्यंत जागून वाचलंय. पण चोवीस तास मार्क मिळत असले, की लिहिणारा हळूहळू स्वतःला काय सांगायचंय तेच विसरतो.

मैत्रिणीनं शेवटी लग्न लावलं नाही. नर्स आपल्या घरी राहिली, डॉक्टर बदली होऊन गेला. वाचक निम्म्यावर आले आणि अजून परतलेले नाहीत. दोन आठवडे ही गप्प होती. आता नवीन कथा सुरू केलीये. मी विचारलं, ‘यात तरी लग्न आहे का?’ तर म्हणाली, ‘बघू. पात्रं ठरवतील.’ मला ते जाम आवडलं.

तुमच्याही लॅपटॉपमध्ये ‘न्यू फोल्डर २’ मध्ये एखादी कथा लपलेली असणार, म्हणून कामाच्या चार गोष्टी. एक, लिहिलं त्या क्षणापासून कॉपीराइट तुमचा. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. दोन, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण ‘आय ॲग्री’च्या लांबलचक मजकुरात बहुतेक वेळा सगळं लिहिलेलं असतं, तेव्हा चहा घेऊन बसा आणि वाचा. ऑडिओ, कॉमिक, वेबसिरीज यांचे हक्क कुणाकडे जातात आणि तीच कथा दुसरीकडे छापता येते का, एवढं तरी शोधाच. तीन, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं, करारात वेगळं काही नसेल तर, कंपनीच्या मालकीचं ठरतं. तुमची प्रेमकथा त्यात मोडत नाही, पण उगाच वाद नको म्हणून ती ऑफिसच्या लॅपटॉपवर नकोच. आणि चार, स्वतःकडे कॉपी ठेवा. ॲमेझॉनसारख्या दादा कंपनीनंसुद्धा २०२१ मध्ये गाजावाजा करून सुरू केलेलं ‘किंडल वेला’ २०२५ मध्ये गुंडाळलं. ॲप येतात नि जातात, कथा तुमची आहे.

आणि ज्यांना फक्त वाचायचंय त्यांच्यासाठी एकच होमवर्क. ‘खूप छान, पुढचा भाग लवकर टाका’ हे आपण डोळे मिटून टाइप करतो. लिहिणाऱ्याला त्यातून आकडा मिळतो, बाकी काही नाही. त्याऐवजी कुठलं वाक्य डोक्यात राहिलं ते सांगा. कुठे कंटाळा आला तेही सांगा, पण जरा माणसासारखं. समोरची व्यक्ती दिवसभर कुणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये मान घालून, घरातले झोपल्यावर लिहायला बसलेली असते. तिला संपादक नाही, मानधन बहुधा नाही आणि घरी कौतुक करायला कुणाला माहीतच नाही.

तिच्याकडे आहात ते फक्त तुम्ही. तेव्हा स्टार द्याच, पण सोबत दोन धड वाक्यंही लिहा की राव!