लॉन्सना परवानगी द्या, पण शेत शेतच राहू द्या

आळेफाट्यावरून पुणे-नाशिक रस्त्याने जा, नाहीतर कल्याण-नगर रस्त्याने. थोडं पुढं गेलं की लॉन्सच्या कमानी दिसू लागतात. शेजारी कांदा, पलीकडे ऊस आणि मधे हिरवळ, स्टेज, झुंबरं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या नात्यातल्या एका मुलीचा निकाह अशाच लॉनवर झाला. एवढी माणसं बसवायला मोहल्ल्यात जागा नव्हती. व्यवस्थाही चांगली होती. रात्री नऊच्या सुमारास गेटवर एक शेतकरी आले. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी होता. म्हणाले, "सर, आज रात्रीची लाइट आहे. मोटर चालू करायला जायचंय. वाटेतल्या गाड्या तेवढ्या काढायला सांगा ना." गाड्या आमच्याच पाहुण्यांच्या होत्या. ड्रायव्हर शोधून वाट मोकळी करायला तासभर गेला. ते एका शब्दाने रागावले नाहीत, म्हणून मला जास्तच लाज वाटली.

लॉनवाल्याला खलनायक ठरवणं सोपं आहे. पण ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ ला खुली झाली. त्या पाच महिन्यांत उत्पादकांचं काय झालं, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. कांद्याला भाव मिळेल की नाही ठाऊक नसतं. लग्नाच्या तारखेची उचल मात्र आधी हातात पडते. मंडपवाला, आचारी, वाढपी यांनाही काम मिळतं. म्हणून सगळी लॉन्स बंद करा, असं मी म्हणणार नाही.

मग नियम काय असावा? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४४ नुसार शेतजमिनीच्या बिगरशेती वापराला परवानगी लागत आली आहे. विनापरवाना वापरावर कलम ४५ ची कारवाई आहे. म्हणजे एक तर जमीन कायमची एनए करा, नाहीतर सातबाऱ्यावर 'बागायत' ठेवून गुपचूप लग्नं लावा. जिरायत हा शब्द ज़िराअत म्हणजे शेती यावरून आला, हे मी वर्गात शिकवतो. सातबाऱ्यावर तो शब्द आणि जमिनीवर पेव्हर ब्लॉक, हे खोटं किती दिवस चालवायचं?

यात तिसरी वाट हवी. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि पाऊस पडेपर्यंत वावर मोकळं असतं. लग्नांची गर्दीही तेव्हाच. त्या काळापुरता मंडपाचा हंगामी परवाना द्यावा. अट एकच मोठी: मुरूम नाही, काँक्रीट नाही. रोलर फिरवून दाबलेल्या मुरमाखालची माती पुन्हा कसदार करणं सोपं नसतं. ज्यांना बारमाही धंदा करायचा आहे त्यांनी रीतसर एनए करून कर भरावा.

बाकीच्या अटी शेजाऱ्यांसाठी. गाड्या स्वतःच्याच गटात लावायच्या, वहिवाटीची वाट मोकळी ठेवायची. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. हा नियम २००० सालापासून आहेच. उष्टं-खरकटं बांधावर टाकायचं नाही. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हे जुन्नर-आंबेगावात लहान पोरालाही कळतं. आणि परवाना देण्याआधी लगतच्या शेतकऱ्यांचं म्हणणं ग्रामपंचायतीने लेखी घ्यावं.

२०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका झाला, २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. पाहुणे शेतावर यावेत, असंच सरकारलाही वाटतं. पण पाहुणे यायला तिथं शेत तर उरलं पाहिजे.

शेवटी आपलंही काही आहे. शेजाऱ्याच्या हक्कावर आपण जुम्म्याच्या बयानात नेहमी ऐकतो. लॉन ठरवताना मात्र जेवणाचा दर विचारतो, गाड्या कुणाच्या वाटेत उभ्या राहणार हे विचारत नाही. त्या दिवशी मीही विचारलं नव्हतं. पुढच्या लग्नाला पहिला प्रश्न तोच विचारीन.