रेडिओला तोंड दिसत नाही म्हणे

सुरांना जात नसते, रेडिओवर वाजवणाऱ्याचं तोंड कुठं दिसतं, असं आमचे पुरोगामी मित्र चहा ढोसत मला सुनावतात. ठीक. मग दोस्तहो, डीन डिक्सनचं काय झालं?

हार्लेमचा काळा पोरगा. कंडक्टर. एस.टी.चा नव्हे, छडी घेऊन ऑर्केस्ट्रा वाजवून घेणारा. १९४१ साली एन.बी.सी. रेडिओच्या सिंफनी ऑर्केस्ट्रापुढं उभा राहिला, त्याच साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकपुढं. कुणाच्या रेडिओतून काळा सूर निघाला नाही. पण कायमची नेमणूक? अमेरिकेतल्या एकाही मोठ्या ऑर्केस्ट्रानं दिली नाही. हलगी लग्नात हवी, हलगीवाला पंगतीत नको, तोच हिशोब! कान आंधळे असतील हो, पण नेमणुकीच्या कागदावर सही करणारा डोळे उघडे ठेवून बसलेला असतो.

आणि मेरिटचं रडगाणं मला ऐकवू नका. १९४९ ला गडी देश सोडून गेला. १९६१ ते १९७४ फ्रँकफर्टच्या रेडिओ ऑर्केस्ट्राचा मुख्य कंडक्टर तोच. हिटलर मरून १६ वर्षं झालेल्या जर्मनीत!

न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं त्याला परत बोलावलं १९७० ला. तेही पाहुणा म्हणून. १९७६ ला तो मेला, स्वित्झर्लंडात.