गल्ल्याचे सौंदर्यशास्त्र

रिअ‍ॅलिटी शोचा विषय निघाला की साहित्याच्या अभ्यासकांची प्रतिक्रिया ठरलेली असते : 'हे सगळे आधीच लिहून ठेवलेले असते हो.' एवढे म्हटले की चर्चा संपते. कथा-कादंबरी आणि नाटक शिकवण्यावर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांनी एखाद्या गोष्टीवर ती रचलेली आहे म्हणून आक्षेप घ्यावा, ही गंमतच आहे. रचलेपणा हाच दोष धरायचा तर आपल्या अभ्यासक्रमात उरेल काय? रचनेने काय आत घेतले आणि काय दाराबाहेर ठेवले, हे विचारणे अधिक उपयोगाचे. अमेरिकेतील 'द ग्रेट फूड ट्रक रेस' या मालिकेच्या निमित्ताने ते विचारून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही मालिका 'फूड नेटवर्क' वाहिनीवर ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झाली. सूत्रधार टायलर फ्लॉरेन्स हा शेफ. पहिल्या हंगामात सात संघ होते आणि प्रत्येकाचा स्वतःचा ट्रक होता. ट्रक म्हणजे चाकांवरचे स्वयंपाकघर, आणि त्याच्या कुशीत उघडणारी विक्रीची खिडकी. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोहून निघायचे, गावोगाव मुक्काम करत न्यूयॉर्क गाठायचे. प्रत्येक मुक्कामी पदार्थ विकायचे. ज्याचा गल्ला सर्वांत कमी, तो संघ बाद. शेवटी उरेल त्याला ५०,००० डॉलर. ते 'ग्रिल 'एम ऑल' या बर्गरवाल्यांनी जिंकले. त्यांच्या बर्गरना हेवी मेटल बँडांची नावे असत आणि ट्रकचे नाव म्हणजे 'मेटॅलिका'च्या १९८३ मधील पहिल्या अल्बमच्या नावावरची कोटी. (नामकरणात अशी हौस असलेले लोक जिंकले याचे एक साहित्यवाला म्हणून बरे वाटते, हे कबूल करायला हवे.)

पाककलेच्या बहुतेक स्पर्धांत परीक्षक असतात. ते घास घेतात, डोळे मिटतात, क्षणभर थांबतात आणि मग कुणाचे तरी स्वप्न मोडते. त्यांच्या जिभेवर विश्वास ठेवण्यावाचून प्रेक्षकाला गत्यंतर नसते. या मालिकेत अधूनमधून छोटी आव्हाने असतात आणि त्यांत चव घेणारेही असतात. पण कोण राहणार आणि कोण जाणार हे मुख्यतः गल्ला ठरवतो. दिवसाची विक्री मोजली जाते, आकडे जाहीर होतात, आणि आकड्याशी कुणाला वाद घालता येत नाही. मालिकेच्या खरेपणाचा सगळा दावा या आकड्यावर उभा आहे. रस्त्यावरच्या माणसाने खिशात हात घालून दिलेले मत म्हणजे हा आकडा, असे ती सुचवत राहते.

हा दावा अगदीच पोकळ नाही. पुढच्या हंगामांतील विजेत्यांची नावेच पाहा : २०१२ मध्ये कोरियन वळणाचे 'सोल सॉसेज', २०१३ मध्ये हवाईचे 'अलोहा प्लेट', २०१४ मध्ये मध्यपूर्वेकडचे पदार्थ विकणारे 'मिडल फीस्ट', २०१५ मध्ये व्हिएतनामी नावाशी खेळणारे 'फो नॉमिनल डम्पलिंग्ज'. गोऱ्या टेबलक्लॉथवर जेवणाऱ्या परीक्षकांनी या सर्वांना इतक्या सहज निवडले असते का, याची मला शंका आहे. भुकेला वंशाचे सोयरसुतक नसते.

पण गल्ला नेमके काय मोजतो? भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस ही कल्पना समजावून देताना दृष्टान्त घेतला तो जेवणाचा, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो. त्या दृष्टान्तात अन्न आहे, त्यावर झालेला व्यंजनांचा संस्कार आहे आणि प्रसन्न मनाने ते खाणारा माणूसही आहे. हा तिसरा घटक काढला तर रस उरत नाही, नुसता स्वयंपाक उरतो. मालिकेने नेमका तोच काढला आहे. खाणारा माणूस इथे रांग होऊन उभा असतो. त्याला नाव नाही, परत येण्याचे कारण नाही, नावडीचा हक्क नाही. कॅमेरा त्याच्याकडे वळलाच तर तो 'अप्रतिम' म्हणतो आणि चित्रचौकटीतून निघून जातो. त्याने दिलेली नोट मात्र शेवटपर्यंत राहते. शिवाय त्या नोटेत चवीचा वाटा किती, गाडी सधन वस्तीत लावल्याचा किती, दर चढवल्याचा किती आणि इंटरनेटवरून चाहत्यांना हाक घातल्याचा किती, हे कुणालाच वेगळे काढता येत नाही.

२०११ च्या दुसऱ्या हंगामात याची एक मोठी मजेदार साक्ष मिळाली. एका संघाने बाहेरचे पैसे गल्ल्यात मिसळल्याचे उघडकीस आले आणि त्या संघाला स्पर्धेतून काढण्यात आले. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर संहितेत प्रक्षिप्त मजकूर सापडला. सहभागी मंडळींची भांडणे, अश्रू, संकलनात पुढेमागे केलेले प्रसंग यांमुळे मालिकेला कधी अपवित्र वाटले नाही. गल्ल्यातल्या परक्या नोटांमुळे वाटले. कुठल्या गोष्टीला हात लावलेला तिला खपत नाही, यावरून तिची मूलसंहिता कोणती ते कळते.

तिसऱ्या हंगामापासून गोष्टीचा साचा बदलला. आधीचे स्पर्धक व्यावसायिक होते. आता ज्यांच्याकडे ट्रक नाही असे हौशी संघ आले, आणि बक्षिसात रकमेबरोबर खुद्द ट्रकच ठेवला गेला. व्यापाराच्या चढाओढीची कथा संपून स्वप्नपूर्तीची कथा सुरू झाली. तिच्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. ती आपण शंभर वेळा पाहिली आहे. एक विसंगती तेवढी नोंदवतो. पहिल्या हंगामाच्या विजेत्यांनी पुढे लॉस एंजेलिसजवळ अल्हाम्ब्रा येथे चक्क चार भिंतींचे उपाहारगृह थाटले. ज्या चाकांचे एवढे गुणगान झाले, त्यांवरून उतरणे ही बढतीच ठरली.

याचे कारण मालिकेने दाराबाहेर ठेवलेल्या भागात आहे. अमेरिकेत ट्रकवर अन्न विकणे ही २०१० मधली नवलाई नव्हती. लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन वंशाचे लोंचेरो कित्येक दशके टाको विकत आले होते. २००८ च्या एप्रिलमध्ये तिथल्या काउंटीने एक नियम कडक केला : व्यापारी भागात एका जागी तासाभराहून जास्त वेळ ट्रक उभा राहिला तर तो फौजदारी गुन्हा, १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. लोंचेरो आणि त्यांचे गिऱ्हाईक याविरुद्ध उभे राहिले आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने तो नियम अंमलात आणण्याजोगा नाही असे ठरवले. त्याच वर्षाच्या अखेरीस रॉय चॉई आणि त्याच्या भागीदारांचा 'कोगी' हा कोरियन टाकोंचा ट्रक निघाला आणि ट्विटरवरून जागा कळवून रात्री-अपरात्री रांगा लावू लागला. म्हणजे एकाच शहरात, एकाच वर्षात, ट्रकवरचे अन्न गुन्हाही होता आणि फॅशनही. न्यूयॉर्कमध्ये, जिथे पहिल्या हंगामाची अंतिम फेरी झाली, फेरीवाल्यांच्या अन्नपरवान्यांवर १९८०च्या दशकापासून मर्यादा होती आणि त्यामुळे परवाने काळ्या बाजारात भाड्याने फिरत. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने सैल करण्याचा कायदा २०२१ मध्ये झाला. मालिकेत जागा शोधण्याची धावपळ दिसते, पण ती चातुर्याची परीक्षा म्हणून. रस्ता कुणाचा, हा प्रश्न तिच्या कथानकात येत नाही. 'गाडी आली' या दोन शब्दांचा अर्थ ज्या मुंबईकर वाचकाला ठाऊक आहे, त्याला ही अनुपस्थिती चटकन जाणवेल.

वर्गात ही मालिका दाखवावी का, असे एका तरुण सहकाऱ्याने विचारले होते. अवश्य दाखवावी. विशेषतः २०१५ चा सहावा हंगाम, कारण त्यात ट्रक 'रूट ६६' या जुन्या महामार्गाने कॅलिफोर्नियाहून शिकागोला गेले. १९८५ मध्येच हा मार्ग अधिकृत महामार्गांच्या यादीतून गेला. उरली ती त्याची आठवण. त्या आठवणीचा मोठा वाटा जॉन स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या १९३९ मधील कादंबरीचा आहे. तिच्यातले जोड कुटुंब एक जुनी मोटार कापून ट्रक बनवते आणि याच रस्त्याने उलट दिशेला, कॅलिफोर्नियाकडे जाते. मालिकेबरोबर या कादंबरीचे पंधरावे प्रकरण वाचायला द्यावे.

त्या प्रकरणात जोड कुटुंब नाही. रस्त्याकडेचे एक खानावळवजा दुकान आहे, काउंटरवर मे नावाची बाई आहे, आत तव्यापाशी अ‍ॅल आहे, आणि दोन ट्रकचालक खात बसले आहेत. एक विस्थापित माणूस दोन मुलांना घेऊन येतो आणि दहा सेंटचा पाव मागतो. पाव पंधरा सेंटचा आहे. मे कुरकुरते, हे काही किराणा दुकान नव्हे म्हणते. अ‍ॅल आतून तिच्यावर खेकसतो, आणि ती पाव दहा सेंटना देऊन टाकते. मुलांची नजर काचेमागच्या गोळ्यांवर खिळलेली. माणूस किंमत विचारतो. पाच सेंटची एक अशी ती मिठाई, मे सांगते, एका सेंटला दोन. तो गेल्यावर एक चालक तिला खरी किंमत ऐकवतो, ती त्यालाच उलट टोकते, आणि मग दोघे चालक हिशेबापेक्षा बरीच जास्त नाणी काउंटरवर ठेवून निघून जातात.

प्रसंग भावविवश आहे, असा आक्षेप घेता येईल. चांगुलपणाची इतक्या तातडीने परतफेड होणे मलाही जरा सोयीचे वाटते. पण मे मुळात चांगली बाई म्हणून आपल्यासमोर येत नाही. पैसेवाल्या प्रवाशांवर ती चिडलेली असते, गरिबांवर वैतागलेली असते, आणि दयेचा आरोप अंगाला लागू नये म्हणून खोटी किंमत सांगते. काउंटरच्या अलीकडे-पलीकडे दोन माणसे उभी राहिली की किंमत हा एक संवाद होतो, त्यात मानापमान असतो, सांभाळून घेणे असते, हे स्टाइनबेक दोन-तीन पानांत दाखवतो. त्या माणसाला भीक नको आहे, पाव विकत हवा आहे; मेचे असत्य त्याचा हा हक्क राखते.

विद्यार्थ्यांना हिशेब मांडायला सांगावा. पावावर पाच सेंट सोडले, गोळ्यांवर नऊ : एकूण चौदा. मालिकेच्या नियमांत मेचा गल्ला तेवढा कमी भरेल, आणि चालकांची जास्तीची नाणी धरली तर एकदम वाढेल. दोन्ही वेळा आकडा बिनचूकच असेल.